नकाशा कुणाच्या खिशात? लॅम्ब्टनचं यंत्र ते नगरपालिकेचा ड्रोन



नगरपालिकांच्या ड्रोन-सर्वेक्षणाच्या निविदा निघायला लागल्यापासून आपल्या ग्रुपवर एकच वाद चालू आहे. एक गट म्हणतो, चिनी ड्रोन अजिबात नको. दुसरा म्हणतो, स्वस्तात काम होतंय तर होऊ द्या, आपल्या गटारांचे फोटो बघून चीनला काय मिळणार? दोघांचंही थोडं बरोबर आहे. पण हा प्रश्न ड्रोनपेक्षा खूप जुना आहे, म्हणून थोडं मागून सुरुवात करतो.

आपल्या विदर्भात, हिंगणघाटला, विल्यम लॅम्ब्टनची कबर आहे. या माणसाने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी साखळी टाकून पहिली आधाररेषा मोजायला घेतली. साडेसात मैलांची रेषा, सत्तावन्न दिवस लागले. तिथूनच सगळ्या हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी उभी राहिली. हैदराबादहून नागपूरकडे येताना २० जानेवारी १८२३ ला तो हिंगणघाटला वारला. एव्हरेस्टचं नाव शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, लॅम्ब्टनच्या कबरीचा पत्ता मात्र गावातच विचारत जावं लागतं. असो.

त्याचा मोठा थिओडोलाइट लंडनमध्ये बनला होता, वजन अर्धा टन. समुद्रातून येताना तो फ्रेंचांच्या हाती लागला आणि मॉरिशसला गेला. इंग्रज-फ्रेंच युद्ध चालू असताना! तरी फ्रेंचांनी तो चांगलं पत्र सोबत देऊन मद्रासला पाठवून दिला. हा किस्सा विज्ञानाबद्दलच्या आदराचा म्हणून सांगतात. मला त्यात दुसरं काही दिसतं. कोऱ्या यंत्रात होतं काय? काच आणि पितळ. कोन आणि अंतरं नंतर लॅम्ब्टनच्या वहीत जाणार होती, आणि वही कंपनी सरकारच्या ताब्यात राहणार होती.

वहीची किंमत कंपनीला आणि पुढे राणीच्या सरकारला नीट कळत होती. तिबेटमध्ये गोऱ्यांना बंदी होती, तर मोजणी खात्याने कुमाऊंच्या नैनसिंग रावतला यात्रेकरूच्या वेशात पाठवलं. तो जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोचला. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी, म्हणजे पावलं मोजायला सोपं. नोंदींचे कागद प्रार्थनाचक्राच्या पोटात. नाक्यावरच्या लोकांनी चक्र पाहिलं, पण उघडलं नाही. धर्माची वस्तू कोण उघडणार?

स्वातंत्र्यानंतर चक्र आपल्या हातात आलं आणि आपण ते घट्ट मिटून ठेवलं. सीमेजवळचे आणि किनारपट्टीचे तपशीलवार नकाशे प्रतिबंधित. कोकणातल्या घाटवाटा हिंडणाऱ्या जुन्या ट्रेकर मंडळींना विचारा, एका टोपोशीटसाठी किती खटपट करावी लागायची. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लष्करासाठी एक मालिका आणि लोकांसाठी दुसरी अशी वाटणी केली. गंमत म्हणजे त्याच वर्षी गूगल अर्थ आलं. ज्या जागेचा कागदी नकाशा मिळत नव्हता, तीच जागा सायबर कॅफेत बसून दिसायला लागली. राष्ट्रपती कलामांनी तेव्हाच जाहीरपणे चिंता व्यक्त केली होती.

ड्रोनच्या बाबतीत हीच गोष्ट पुन्हा घडली, फक्त जास्त वेगाने. मे २०१४ मध्ये मुंबईत एका पिझ्झावाल्याने ड्रोनने पिझ्झा पोचवून दाखवला. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने खासगी ड्रोन उडवायला बंदी घातली. डिसेंबर २०१८ पर्यंत रीतसर चौकटच नव्हती. त्या चार वर्षांत तुम्ही किती लग्नं ड्रोनशिवाय पाहिलीत? हळद, वरात, प्री-वेडिंग, सगळीकडे ते पांढरं यंत्र घोंघावत होतं. कायदा आला तोपर्यंत हात त्या यंत्राला, त्याच्या ॲपला आणि त्याच्या किमतीला सरावलेले होते.

ते यंत्र बहुतेक वेळा डीजेआय या शेन्झेनच्या कंपनीचं असायचं. कंपनी २००६ मध्ये सुरू झाली. यंत्र उत्तम, यात वाद नाही. अमेरिकन सैन्यसुद्धा तेच वापरत होतं! २ ऑगस्ट २०१७ रोजी तिथल्या लष्कराने हुकूम काढला: वापर थांबवा, ॲप काढून टाका, बॅटऱ्या आणि मेमरी कार्डं बाहेर काढा. त्याच वर्षी चीनने राष्ट्रीय गुप्तवार्ता कायदा केला होता. त्यानुसार प्रत्येक चिनी संस्थेला सरकारी गुप्तवार्तेच्या कामात मदत करणं बंधनकारक आहे. कंपनीने आरोप नेहमीच नाकारले. अमेरिकेच्या गृहविभागाने (म्हणजे पोलीसवाला नाही, जंगलं आणि सरकारी जमिनी सांभाळणारा) तर बाहेर माहिती पाठवणार नाही अशी खास सरकारी आवृत्ती बनवून घेतली होती. तरी जानेवारी २०२० मध्ये वणव्यासारखी तातडीची कामं सोडून सगळा, सुमारे ८०० ड्रोनचा, ताफा जमिनीवर बसवला. मग ऑगस्ट २०२० मध्ये संरक्षण खात्याने तपासून पसंत केलेल्या पाच ड्रोनची यादी जाहीर केली. किमती कितीतरी जास्त. आणि त्या पाचात एक फ्रेंच कंपनीचा होता, हे आपल्या 'परदेशी म्हणजे वाईट' वाल्या मित्रांनी लक्षात घ्यावं.

आपल्याकडे २७ जून २०२१ ला जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनने स्फोटकं टाकली. वाटलं होतं, आता सगळं बंद होणार. दोन महिन्यांत ड्रोन नियम २०२१ आले ते उलट सैल. अर्जांचे नमुने २५ वरून ५ वर आले. मला तो निर्णय पटतो, कारण चार वर्षांच्या बंदीने काय साधलं ते आपण लग्नात पाहिलंच होतं. ९ फेब्रुवारी २०२२ ला तयार परदेशी ड्रोनची आयात बंद झाली, संशोधन आणि संरक्षणासारखे अपवाद सोडून. सुट्या भागांना मात्र मोकळीक. भाग आणा, स्क्रू आवळा, वर तिरंग्याचा स्टिकर लावा. हे फक्त गमतीने म्हणत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सैन्यासाठीच्या ४०० मालवाहू ड्रोनचे करार चिनी भागांच्या कारणावरून रद्द झाले. सैन्याच्या खरेदीत हे होत असेल, तर आपल्या नगरपालिकेच्या एल-वन निविदेत काय होत असेल?

आता त्या 'गटारांच्या फोटो'कडे येतो. गावठाणाची मोजणी घ्या. इंग्रजांनी शेतं मोजली, सातबारा झाला, पण बहुतेक गावठाणं न मोजलेलीच राहिली. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात जमाबंदी खात्याने आणि सर्व्हे ऑफ इंडियाने ड्रोनने गावठाण मोजून पाहिलं. एप्रिल २०२० मध्ये स्वामित्व योजना आली. लोक आपापल्या घराभोवती चुन्याच्या रेघा मारतात, वरून ड्रोन फिरतो, मग चौकशी होऊन सनद आणि मिळकत पत्रिका. ज्या घरावर पिढ्यान्‌पिढ्या कागद नव्हता त्यावर कर्ज मिळू शकतं. भाऊबंदकीचे खटले याच रेघांवर चालणार. त्या नकाशात प्रत्येक घर, पाण्याची टाकी, वीज उपकेंद्र, पूल काही सेंटिमीटरच्या तपशिलाने असतं.

आणि इथेच एक नियम आहे, जो आपल्या वादात कुणीच काढला नाही. १५ फेब्रुवारी २०२१ च्या भू-अवकाशीय मार्गदर्शक सूचना. आडवी अचूकता एक मीटरपेक्षा किंवा उंचीची तीन मीटरपेक्षा बारीक असेल, तर तो नकाशा भारतीय संस्थेनेच बनवायचा, आणि साठवण व प्रक्रिया भारतातच करायची. मोजणीसाठी उडवलेला ड्रोन या मर्यादेच्या खूप आत जातो. म्हणजे यंत्र देशी असलं आणि फोटो जोडायचं काम परदेशी सर्व्हरवर चढवून केलं, तरी नियम मोडला. उलट, सुटा भाग कुठून आला यावर भांडणारे आपण, फोटो कुठे गेले हे विचारतच नाही.

लॅम्ब्टनचं यंत्र आणि वही वेगळी होती. ड्रोनमध्ये वही यंत्राच्या पोटातच आहे, आणि यंत्राला बनवणाऱ्याशी बोलायची सोय आहे. नैनसिंगचं चक्रच ते, फक्त या वेळी नाक्यावर आपण उभे आहोत.

तेव्हा पुढची निविदा निघाली की वॉर्डातल्या सदस्याला हे विचारायला सांगा. ड्रोनला टाइप सर्टिफिकेट आहे का आणि त्याचा नोंदणी क्रमांक काय, एवढं तर बहुतेक विचारतात. पुढचं विचारा. उड्डाण नियंत्रक आणि रेडिओ कुणाचा? ॲपला लॉगिन कुठल्या देशातल्या सर्व्हरवर करावं लागतं? अपडेट कोण पाठवतं? फोटो कुठल्या संगणकावर जोडणार, आणि काम संपल्यावर ठेकेदाराकडची प्रत पुसल्याचं लेखी कोण देणार? ही उत्तरं दरपत्रक उघडायच्या आधी, तांत्रिक तपासणीतच मागायची, कारण दर उघडले की पुढे कुणी काही ऐकत नाही. आणि समितीसमोर एकदा इंटरनेट बंद करून ड्रोन उडवून दाखवायला सांगा. नाही उडाला, तर त्याला कुणाशी बोलल्याशिवाय उडता का येत नाही, हे ठेकेदाराकडून लिहून घ्या.