निगा राखणाऱ्यांचा इतिहास

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अंतराळाचा इतिहास आपल्याला बहुधा ‘पहिला’ या शब्दाने शिकवला जातो. पहिला उपग्रह स्पुटनिक, १९५७. पहिला अंतराळवीर युरी गागारिन, १९६१. चंद्रावर पहिलं पाऊल नील आर्मस्ट्राँगचं, १९६९. प्रश्नपत्रिकेत येतात त्या याच तारखा. पण पहिल्याच्या नंतर काय झालं, जे पाठवलं ते चालू कोणी ठेवलं, हे कुणी विचारत नाही. आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे. उदाहरण घेतो व्हॉयेजर या जुळ्या यानांचं.

१९६५ साली गॅरी फ्लँड्रो नावाचा एक विद्यार्थी कॅलिफोर्नियातल्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत ग्रहांच्या कक्षांची गणितं करत होता. त्याच्या लक्षात आलं, की १९७०च्या दशकाच्या अखेरीला गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून अशा बेताने येणार आहेत, की एका ग्रहाच्या ओढीचा झोका घेत यान पुढच्या ग्रहाकडे जाऊ शकेल. असा योग सुमारे पावणेदोनशे वर्षांतून एकदा येतो. पण योग आला म्हणून पैसा येतोच असं नाही. मंजुरी मिळाली ती गुरू आणि शनी या दोनच ग्रहांसाठी, पाच वर्षांच्या कामाला. २० ऑगस्ट १९७७ रोजी व्हॉयेजर-२ सुटलं आणि ५ सप्टेंबरला व्हॉयेजर-१. मागून निघालेलं यान जवळच्या वाटेने आधी पोहोचणार होतं, म्हणून त्याला पहिला क्रमांक.

वर्षही पुरं झालं नव्हतं, तोच व्हॉयेजर-२ वर संकट आलं. एप्रिल १९७८ मध्ये आठवडाभर पृथ्वीवरून त्याला एकही आज्ञा गेली नाही. बराच काळ संदेश आला नाही तर आपला रिसीव्हर बिघडला असं समजून दुसरा सुरू करायचा, असं यानाला आधीच शिकवून ठेवलेलं होतं. त्याने तसं केलं. दुसऱ्या रिसीव्हरमधला एक कपॅसिटर निकामी निघाला. पुन्हा पहिला सुरू केला, तर तो थोड्याच वेळात कायमचा बंद पडला. हाती राहिला तो अधू रिसीव्हर.

धडधाकट रिसीव्हर येणाऱ्या लहरींशी स्वतःला जुळवून घेतो. याला ते जमेना. गाण्याच्या भाषेत सांगायचं, तर साथीदाराला एकच पट्टी येते, तेव्हा गायकाने त्याच्या पट्टीत गायचं. त्यातही यानाचं तापमान जरासं बदललं, की त्याची पट्टी हलते. ती आज कुठे असेल याचं गणित मांडून, नेमक्या त्या स्वरात पृथ्वी त्याच्याशी बोलू लागली. याच अधू कानाने व्हॉयेजर-२ १९८६ मध्ये युरेनसपाशी आणि १९८९ मध्ये नेपच्यूनपाशी पोहोचलं. या दोन ग्रहांपाशी दुसरं कुठलंही यान अजून गेलेलं नाही.

मोठे शोधही कधीकधी निगा राखणाऱ्यांच्याच हाती लागतात. मार्च १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ गुरूपाशी होतं. लिंडा मोराबिटो या अभियंत्या यानाची वाट तपासत होत्या. त्यासाठी गुरूचा चंद्र आयो आणि त्यामागचे तारे दिसतील असं एक छायाचित्र काढलं होतं. त्यात आयोच्या कडेला छत्रीसारखा धुरळा दिसला. तो ज्वालामुखी होता. पृथ्वीबाहेरचा जिवंत ज्वालामुखी माणसाने पहिल्यांदा पाहिला, तो वाट चुकू नये म्हणून काढलेल्या छायाचित्रात.

दोन्ही यानांवर एकेक सोनेरी तबकडी आहे, हे अनेकांना ठाऊक असेल. तिच्यात ५५ भाषांतून शुभेच्छा आहेत. त्यात मराठी आहे आणि उर्दूही. घरात उर्दू ऐकत वाढलेल्या आणि मराठीत कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हा शेजार सुखावतो. याच तबकडीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाईंना अल्लादिया खाँसाहेबांची तालीम मिळाली होती. व्हॉयेजर-१ सुटल्यावर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, त्या गेल्या.

तालीम हा शब्द मी मुद्दाम वापरला. गाणं जसं पुस्तकात पुरतं मावत नाही, तसं यंत्राचं ज्ञानही कागदात मावत नाही. व्हॉयेजर बांधणारे एकेक करून निवृत्त झाले. एड स्टोन हे शास्त्रज्ञ १९७२ पासून २०२२ पर्यंत, तब्बल पन्नास वर्षं, या मोहिमेचं वैज्ञानिक काम सांभाळत होते. २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं. यानांवरच्या संगणकांची सगळी मिळून स्मृती सुमारे ७० किलोबाइट. मोबाइलमधल्या एका फोटोला याहून कितीतरी जास्त जागा लागते. त्यांची आज्ञांची भाषा जाणणारे आता मोजकेच उरले आहेत. भाषा बोलणारे संपले की काय होतं, हे कवीला वेगळं सांगायला नको.

नोव्हेंबर २०२३ मध्ये याची कसोटी लागली. व्हॉयेजर-१ कडून येणारा मजकूर एकाएकी निरर्थक झाला. यान २४ अब्ज किलोमीटरवर. एक प्रश्न पोहोचायला साडेबावीस तास आणि उत्तर यायला तितकेच. अभियंत्यांनी कित्येक दशकांपूर्वीचे कागद धुंडाळले, महिनोन्‌महिने तपास केला, तेव्हा कळलं की स्मृतीतली एक चिप गेली आहे. तिच्यातल्या आज्ञा दुसरीकडे हलवायच्या, तर सलग तेवढी जागा कुठेच नाही. मग त्यांचे तुकडे केले, सापडेल तिथे बसवले आणि एकमेकांशी जोडून दिले. १८ एप्रिल २०२४ ला आज्ञा गेली. २० तारखेला व्हॉयेजर-१ पुन्हा नीट बोललं.

अर्थात हे कायम चालणार नाही. निघताना यानांवर सुमारे ४७० वॅट वीज होती. ती दरवर्षी चार वॅटने घटते. १९९० मध्ये सहा अब्ज किलोमीटरवरून आपल्या पृथ्वीचा ठिपका टिपला आणि त्यानंतर व्हॉयेजर-१ चे कॅमेरे बंद केले. २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन्ही यानांवरचं आणखी एकेक उपकरण बंद झालं. तेल पुरवून वापरायचं, तर कुठली वात विझवायची हे ठरवावंच लागतं. गणितानुसार नोव्हेंबर २०२६ हा व्हॉयेजर-१ पृथ्वीपासून एक प्रकाश-दिवस दूर जाण्याचा महिना.

आपल्याकडेही असं उदाहरण आहे. सहा महिन्यांच्या कामासाठी धाडलेलं मंगळयान २०१४ मध्ये मंगळाच्या कक्षेत शिरलं आणि त्याच्याशी संपर्क राहिला २०२२ पर्यंत. उड्डाणाच्या दिवशी टाळ्या वाजतात, त्या वाजायलाच हव्यात. पण नंतरची वर्षं रात्रपाळीत बसून कुणीतरी त्या यानाची हाक ऐकत असतं. इतिहास लिहिताना त्याचंही नाव लिहायला हवं.