शोकाचा संबोधित : ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’मधील दोन मृत्यू

प्रार्थनेत शोकाचे विसर्जन होते आणि त्यातून आत्मिक नवजीवन लाभते, असे ख्रिस्ती अध्यात्माविषयी सामान्यतः मानले जाते. इ.स. ३९७ ते ४०० च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’ या आत्मनिवेदनातील साक्ष मात्र अधिक गुंतागुंतीची आहे.

चौथ्या खंडात थागास्ते येथील एका अनामिक मित्राचा मृत्यू येतो. ऑगस्टीन त्या वेळी मानी पंथाचा अनुयायी होता. मित्राच्या पश्चात जन्मगाव त्याला असह्य झाले आणि तो कार्थेजला निघून गेला. ईश्वरावर भरवसा ठेव, असे तो आपल्या आत्म्याला बजावतो. पण आत्मा ऐकत नाही. ज्याच्यावर विसंबायचे तो ईश्वर केवळ कल्पित होता. गमावलेला मित्र मात्र त्याहून खरा होता. येथे अश्रू आहेत, पण त्यांना संबोधित नाही. म्हणून रडण्यातच सुख वाटू लागते आणि शोक स्वतःभोवती फिरत राहतो.

नवव्या खंडातील मोनिकेचा मृत्यू इ.स. ३८७ मधला, ओस्तिया येथील. त्याच वर्षी ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला होता. तो आईचे डोळे मिटतो, पण स्वतःचे अश्रू रोखून धरतो. टाहो फोडणाऱ्या अदेओदातुस या मुलाला गप्प केले जाते आणि एव्होदियुस स्तोत्र गाऊ लागतो. मृताचा सर्वनाश झाला असे मानणाऱ्यांनीच आक्रोश करावा, ही यामागची धारणा होय. सिसेरोच्या द्वारे परिचित झालेल्या स्टोइक संयमाचा वारसाही येथे जाणवतो. मात्र हा संयम निष्फळ ठरतो. स्नानानेही दुःख ओसरत नाही. निद्रेनंतर आंब्रोजचे एक स्तोत्र आठवते आणि मग तो ईश्वरासमोर, मातेसाठी आणि स्वतःसाठी, रडतो.

दोन्ही प्रसंगांत अश्रू तेच आहेत; बदलला आहे तो त्यांचा श्रोता. प्रार्थना शोक संपवत नाही, त्याला दिशा देते. या रडण्यात पाप दिसल्यास वाचकाने हसू नये, आपल्यासाठी रडावे, अशी विनवणीही तो करतो. पुढे ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथाच्या (४१३–४२६) चौदाव्या खंडात, लाजरसाच्या मृत्यूप्रसंगी ख्रिस्ताने ढाळलेल्या अश्रूंचा दाखला देऊन, तो भावशून्यतेचा आदर्श स्पष्टपणे नाकारतो.

अर्थात, पहिल्या शोकाचा न्यायनिवाडा दुसऱ्या शोकानंतर सुमारे दहा वर्षांनी बिशप झालेला निवेदक करीत आहे, हे विसरता येत नाही. चौथ्या खंडातील तरुणाला ईश्वर ‘कल्पित’ वाटला होता की निवेदकाने त्याला मागाहून तसे ठरवले, हे संहितेवरून निश्चित होत नाही. पण याच कालांतरामुळे एक गोष्ट उघड होते. बाप्तिस्म्याने शोकापासून मुक्ती मिळाली, असा दावा निवेदक करीत नाही. नवजीवन ही एकदाच घडून संपणारी घटना नव्हे. प्रत्येक वियोगात ते पुन्हा कमवावे लागते.

आपले शरीर कोठेही पुरावे, फक्त वेदीपाशी स्मरण ठेवावे, अशी मोनिकेची अंतिम इच्छा होती. नवव्या खंडाच्या शेवटी ऑगस्टीन हे स्मरण वाचकांवर सोपवतो. तिच्यासाठी आणि पिता पात्रिकियुससाठी त्यांनी प्रार्थना करावी, असे सांगतो. तिच्या समाधिलेखाचा तुकडा ओस्तियात १९४५ मध्ये सापडला. तोपर्यंतची शतके, आणि त्यानंतरही, ती इच्छा वाचकांच्या हवाली राहिली आहे.