भरसमुद्रातली रेंज : ‘सुहैली’ ते ‘थुरिया’
एप्रिल १९६९. अझोर्स बेटांजवळ एका ब्रिटिश तेलवाहू जहाजाला शिडाची एक छोटी नौका दिसली, आणि चार महिन्यांहून अधिक काळ ज्याची काहीच खबर नव्हती तो रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन जिवंत असल्याचे जगाला कळले. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस. त्याची ‘सुहैली’ मात्र मुंबईची! कुलाब्यात सागवानात बांधलेली, ३२ फूट लांब. म्हणजे बदलापूर लोकलच्या एका डब्याच्या जेमतेम निम्मी.

नौकेवर रेडिओ होता, पण काही महिन्यांतच त्याचे प्रक्षेपण बंद पडले. खारे पाणी आणि बेताची वीज हे लहान नौकेचे जुने शत्रू. मोठ्या जहाजांचा प्रश्न उपग्रहांनी आधी सोडवला. सागरी सुरक्षिततेसाठी १९७९ साली ‘इनमारसॅट’ स्थापन झाली. तिचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, एका जागी स्थिर भासणारे. अडचण खाली होती: सतत डोलणाऱ्या नौकेवरची अँटेना त्या एका बिंदूवर रोखून धरायची कशी? १९९८ साली सुरू झालेल्या ‘इरिडियम’ने निराळी वाट धरली. साधारण ७८० किलोमीटरवर फिरणारे ६६ उपग्रह; त्यामुळे हातात मावणारे यंत्रही पुरेसे ठरले. वेग मात्र अगदीच कमी.

गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली ‘म्हादेई’ घेऊन नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले. चार थांबे घेत मे २०१० मध्ये परतले, आणि एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. या मोहिमेचा ब्लॉगही ते लिहीत होते. ‘सुहैली’च्या मौनानंतर चार दशकांनी घरबसल्या वाचक दक्षिण महासागरातल्या लाटांची हकिकत वाचत होते.

यानंतरचा प्रसंग अधिक विलक्षण आहे. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीचा नियमच असा की, १९६८ सालच्या साधनांनीच प्रवास करायचा. आधुनिक दळणवळण फक्त सुरक्षिततेपुरते. कमांडर अभिलाष टॉमी ‘सुहैली’च्याच आराखड्यावर गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’वर होते. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातील वादळात नौका उलटली, डोलकाठ्या मोडल्या, पाठीला गंभीर दुखापत झाली. त्यांना उठताही येईना. जवळ उरले होते ते उपग्रहावरून मोजके शब्द धाडणारे छोटे यंत्र. तेवढ्यावरून जखम आणि हतबलता किनाऱ्यावर कळली. पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवरच्या त्या नौकेचा भारतीय नौदलाच्या पी-८आय विमानाने वेध घेतला. २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले.

इंटरनेट म्हणावे असे त्या यंत्रात काहीच नव्हते. पुढे २०२२ च्या शर्यतीत टॉमी पुन्हा उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसऱ्या क्रमांकाने किनाऱ्याला लागले.