इन्सुलिन एकच, मग मुलांच्या वाट्याला वेगवेगळं आयुष्य का?

हार्बर लाइनने वाशीचा पूल ओलांडत ऐकताय ना? आज आधी टोरंटोला जाऊ. ११ जानेवारी १९२२. १४ वर्षांचा लेनर्ड थॉम्पसन, टाइप वन डायबेटिस, अगदी शेवटच्या घटका मोजत असलेला. त्याला इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं, पण फारसा उपयोग झाला नाही. २३ तारखेला जास्त शुद्ध केलेलं औषध दिलं आणि पोरगा सावरला! त्याआधी अशी मुलं फार तर एक-दोन वर्षं काढायची. पुढच्या वर्षी संशोधकांनी पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी १ डॉलरला देऊन टाकलं.

म्हणजे प्रश्न मिटला? छे.

अमेरिकेत तेव्हा डायबेटिस हा 'ज्यूंचा आजार' समजला जायचा. काळ्या लोकांना तो क्वचितच होतो, असं डॉक्टरच मानायचे. आता जे शोधायचंच नाही, ते सापडणार कसं? २०१५ मध्ये तिथल्या मुलांचा एक अभ्यास आला. इन्सुलिन पंप ६१ टक्के गोऱ्या मुलांकडे, काळ्या मुलांपैकी फक्त २६ टक्क्यांकडे. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ८.४ विरुद्ध ९.६. घरची कमाई, आईवडिलांचं शिक्षण हिशेबात धरलं तरी फरक उरलाच.

कुणी म्हणेल, रक्तातच काहीतरी असेल. मग आजार होण्याचंच प्रमाण बघा. इंग्लंडच्या ब्रॅडफर्डमध्ये, आपल्याच उपखंडातून गेलेल्या घरांतल्या मुलांत, ते १९७८-८१ मध्ये लाखात ३.१ होतं. १९८८-९० मध्ये ११.७! दहा वर्षांत वंश थोडाच बदलतो?

आपल्याकडे फॉर्मवर वंशाचा रकाना नसतो. इथे फरक पाडतो पैसा. २००३ मध्ये मुंबईच्या वोक्हार्टने भारतात बनवलेलं मानवी इन्सुलिन आणलं, छान झालं. पण नुसत्या इन्सुलिनवर भागत नाही. सुया, साखर तपासायच्या पट्ट्या आणि फ्रिज लागतो. २०२२ च्या एका जागतिक अंदाजानुसार, दहाव्या वर्षी हा आजार झालेल्या मुलाला पुढे श्रीमंत देशात सरासरी ६५ वर्षं मिळतात, गरीब देशात १३.

एकाच नवी मुंबईत पाम बीच रोडच्या टॉवरमधल्या मुलाच्या दंडावर सेन्सर असू शकतो, साखर उतरली की आईचा मोबाइल वाजतो. तुर्भ्याच्या झोपडपट्टीत फ्रिज नसेल, तर इन्सुलिन ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवावं लागतं. बाष्पीभवनाने ते थंड राहतं, जुगाड खरंच चालतो. पट्ट्यांना मात्र असा जुगाड नाही. दिवसातून चारदा बोट टोचायला हवं, तिथे पट्टी वाचवायची म्हणून एकदाच टोचलं जातं.