नाचाच्या चालीवर देवाचं स्तोत्र

बायबलात दीडशे स्तोत्रं आहेत. इंग्लंडच्या देवळांत शेकडो वर्षं ती लॅटिनमध्ये गायली जायची. गाणार कोण? पाद्री नि त्यांनी तयार केलेले गायक. नांगऱ्यानं, गाडीवानानं, सूत कातणाऱ्या बाईनं नुस्तं ऐकायचं. कळायचा प्रश्नच नव्हता. हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

१५३५ च्या सुमारास माइल्स कव्हरडेलनं इंग्रजीत धर्मगीतं छापली. प्रस्तावनेत म्हणाला, गाडीवानानं शीळ घालावी ती स्तोत्राची, चरख्यावरच्या बायांनी गावं तेही स्तोत्रच. (मी साच्यावर असतो. तिथं शीळ ऐकू जात नाही, तरी घालतो.) पण यात गोम आहे. त्याला लोकांच्या तोंडची चावट गाणी हुसकून लावायची होती.

थॉमस स्टर्नहोल्ड हा राजाच्या वस्त्रागारातला नोकर. त्यानं स्तोत्रं आठ-सहा, आठ-सहा अक्षरांच्या ओळीत बसवली. रस्त्यावरच्या बॅलडला चालेल असं वजन. १५४९ ला तो मेला, दुसऱ्यांनी काम पुरं केलं, १५६२ ला सगळी स्तोत्रं छापून आली. त्याआधीच, १५६० ला, बिशप ज्युएल लिहितो की लंडनात सेंट पॉलच्या आवारात सहा हजार माणसं, बाया-पुरुष, म्हातारी-पोरं, एकत्र गातात.

छापील चाली गंभीर होत्या. पण वजन जुळलं की चाल कोण अडवणार? शेक्सपियरच्या १६११ च्या ‘विंटर्स टेल’मध्ये एक प्युरिटन हॉर्नपाइप या नाचाच्या चालीवर स्तोत्रं म्हणतो. टिंगलच ती. पण लोकांनी कधी ऐकलंच नसेल त्यावर नाटकात हशा येत नाही.

पुढं खेड्यातल्या देवळांत फिडल, बासून वाजवणारी गावकऱ्यांची टोळी बसायची. शनिवारी रात्री नाचाला वाजवायची, रविवारी स्तोत्राला. कादंबरीकार टॉमस हार्डीचे वडील-आजोबा यातलेच. तो सांगतो, यांची गाण्याची वही एकच असायची. पुढून देवाची गाणी लिहायची, उलटी धरून मागून नाचाची, आणि लिहीत लिहीत दोन्ही मधे येऊन भिडायची.

हार्डीची १८९१ ची गोष्ट आहे. थंडीत दारू पिऊन टोळी प्रवचनात पेंगते, दचकून उठते नि देवळातच नाचाची चाल वाजवते. जमीनदार भडकतो. टोळीला हाकलतात आणि एक पेटी आणून बसवतात. तिचा दांडा फिरवला की ठरलेली स्तोत्रंच वाजतात, दुसरं काही नाही.