भूकलाडवाची कुळकथा

महाराष्ट्रांतील जुन्या कहाण्यांतून राजपुत्र दूर देशीं निघाला, कीं त्याची आई त्याच्याबरोबर तहानलाडू आणि भूकलाडू बांधून देते. तहानलाडवाची कृति कोणालाच ठाऊक नाहीं; ती कहाणी सांगणाऱ्याची करामत होय. भूकलाडवाचें मात्र तसें नाहीं. खारीक, खोबरें, डिंक, गोडंबी, खसखस, गूळ आणि तूप यांचा जो लाडू थंडीच्या दिवसांत घरोघर वळला जातो, तो खराखुरा भूकलाडूच आहे. त्यांत पाण्याचा अंश जवळजवळ नसतो, म्हणून त्याला बुरी येत नाहीं. तो फडक्यांत बांधून नेतां येतो, चालतां चालतां खातां येतो, आणि लिंबाएवढा एक लाडू खाल्ला तर डोंगर चढणाऱ्यालाहि बराच वेळ दम धरतां येतो.

असा हा पदार्थ अगदीं घरचा, याच मातीचा आणि अनादि काळापासून चालत आलेला असावा, असें कोणालाहि वाटेल. परंतु त्यांतील एकेका जिनसाचें कूळ शोधूं गेलें असतां निराळीच हकीकत हातीं लागते.

प्रथम खारीक घ्यावी. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषा लिहिणाऱ्या एका अनामिक व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेविली. ‘पेरिप्लस’ या नांवानें तो ग्रंथ प्रसिद्ध आहे. इराणी आखाताकडील अपोलोगस व ओमाना या बंदरांतून भडोचला मोतीं, मद्य, सोनें, गुलाम आणि पुष्कळसा खजूर जात असे, असें त्यांत नमूद आहे. खजूर आणि माणसें एकाच यादींत बसविलेलीं पाहून आजचा वाचक क्षणभर थबकतो. लिहिणाऱ्याला त्यांत कांहींच वावगें वाटलेलें दिसत नाहीं. त्याच ग्रंथांत सोपारा व कल्याण यांचीं नांवें आहेत आणि भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर असलेल्या पैठणचेंहि आहे. पैठणाहून भडोचला गाड्या भरून माल येई. परतीच्या गाड्यांतून थोडा खजूर घाटावर चढला असल्यास नवल नाहीं.

खारीक म्हणजे नुसता वाळलेला खजूर, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाहीं. ओमानांत मब्सली या नांवाची खजुराची एक जाति आहे. तिचीं फळें पुरीं पिकूं न देतां, पिवळीं असतांनाच उतरवितात; मोठमोठ्या तांब्याच्या कढयांत तीं उकळतात आणि मग उन्हांत पसरून खडखडीत वाळवितात. हा उद्योग ऐन उन्हाळ्यांत चालतो, आणि त्या मालाचें मोठें गिऱ्हाईक कित्येक पिढ्या हिंदुस्थान हेंच होतें. शिडांच्या गलबतांना भर पावसाळ्यांत मुंबईचा किनारा गांठणें शक्य नसे. नारळी पौर्णिमा उलटून समुद्र निवळूं लागला, म्हणजे सरत्या वाऱ्यावर तीं गलबतें येत. अर्थात् नवी खारीक बाजारांत यावी नवरात्र-दिवाळीच्या सुमारास, आणि लाडू वळले जावेत मार्गशीर्ष-पौषांत. थंडीत अंगाला ऊब हवी हें कारण खरेंच. पण वाऱ्याचें वेळापत्रकहि त्याच्या जोडीला होतें, हें विसरून चालणार नाहीं.

खोबरें कोंकणचें, त्याबद्दल वाद नाहीं. डिंक सातपुड्याचा. धावडा, बाभूळ यांसारख्या झाडांच्या सालीला जखम झाली, कीं तिच्यावर हा रस पाझरून घट्ट होतो. कोरड्या ऋतूंत आदिवासी स्त्रीपुरुष रानोमाळ हिंडून तो खरवडून आणतात. धावड्याच्या डिंकाला परदेशच्या बाजारांत ‘घाटी डिंक’ म्हणत. तो घाटवाटांनीं बंदरावर उतरे, म्हणून हें नांव पडलें असें सांगतात.

लाडवाला नांव मिळालें तें या डिंकाचें, आणि शक्तीचें श्रेयहि सर्वस्वीं त्यालाच दिलें जातें. आजचें आहारशास्त्र मात्र कांहीं निराळें सांगतें. डिंकाचा फार थोडा भाग अन्नासारखा पचतो. उरलेला मोठ्या आंतड्यांतील उपकारक जंतूंच्या उपयोगी पडतो. खरें बळ देतात तीं खारीक, खोबरें, गूळ आणि तूप. सुक्या खोबऱ्याच्या वजनांत निम्म्याहून अधिक तेल असतें, आणि खारकेंत निम्म्याहून अधिक साखर. एक ग्रॅम साखरेपासून शरीराला सुमारें चार कॅलरी उष्णता मिळते, एक ग्रॅम स्निग्धापासून नऊ. म्हणजे साखर लौकर कामास येते आणि तेल-तूप दीर्घकाळ पुरतें. डिंकाचें खरें काम तुपांत फुलून लाडवाला हलकेपणा व कुरकुरीतपणा आणण्याचें आहे. घरांतील आजीला हें सांगावयास मात्र धैर्य पाहिजे.

गोडंबीची गोष्ट अधिक कठीण आहे. ही बिब्याची आंतली बी. चवीला ती बदामाच्या जवळ जाते, आणि बदाम तर इराण-अफगाणिस्तानांतून येणारा, श्रीमंतांच्या वाट्याचा जिन्नस. म्हणून गोडंबीला मान. परंतु बिब्याच्या कवचांत जें काळें तेल असतें, तें कातडीला लागलें कीं फोड येतात. विदर्भ-मराठवाड्याच्या कांहीं भागांत गरीब बायका दगडावर बिबा फोडून ही बी काढतात, आणि त्यांचे हात, कित्येकदां चेहरेहि, भाजल्यासारखे होतात. बाळंतिणीच्या लाडवांत मूठभर गोडंबी पडते तेव्हां ती कोणाच्या हातांतून आली, हें विचारण्याची चाल नाहीं.

आणि हा लाडू सर्वांचा कधींच नव्हता. तालमींतील पैलवानाला बदामाची थंडाई आणि खुराक मिळे. बाळंतिणीला डिंकाचे व अळिवाचे लाडू मिळत. घरांतील कर्त्या पुरुषाला सकाळीं एक मिळे. ज्या सुनेनें खारीक कुटली, खोबरें किसलें, चुलीपाशीं बसून डिंक तळला, तिच्या हातावर तो पडे तो बहुधा पोटीं मूल आल्यावरच. मुलींना तर ‘उष्ण पडेल’ एवढ्या एका शब्दावर बाजूस ठेवलें जाई. नांगर धरणाऱ्या, ओझीं वाहणाऱ्या माणसाच्या शिदोरींत भाकरी, चटणी, कांदा आणि फार तर फुटाणे-गूळ. ज्यांना बळाची गरज सर्वांत अधिक, त्यांच्यापासूनच हा बळाचा लाडू दूर राहिला.

ही कोंडी फोडली ती पंडितांनीं नव्हे, सुधारकांनींहि नव्हे. एका परक्या शेंगेनें फोडली. काजू व भुईमूग हीं दोन्ही दक्षिण अमेरिकेचीं लेकरें. काजू पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत आणला. गार्सिया द ऑर्ता यानें १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या वनस्पतिग्रंथांत काजूचा उल्लेख नाहीं; १५७८ सालीं क्रिस्तोव्हां द कोस्ता यानें मात्र कोचीनच्या बागांत पाहिलेल्या काजूचें वर्णन केलें आहे. काजू पुढें गोवा-कोंकणांत रुजला, तथापि तोहि महागच राहिला. भुईमुगाचें तसें झालें नाहीं. एकोणिसाव्या शतकांत तेलबियांना परदेशीं मागणी वाढली आणि मुंबई इलाख्यांत त्याचा पेरा पसरूं लागला. शेंगदाण्यांत जवळजवळ निम्मा भाग तेल आणि सुमारें पाव भाग प्रथिनें. तूप नको, खारीक नको. दाणे भाजावेत, सालें पाखडावींत, गुळाबरोबर कुटावेत, कीं लाडू आपोआप वळतो. बोरघाटांतून १८६३ सालीं आगगाडी धांवूं लागली, आणि पुढें त्याच दाण्यागुळाची चिक्की लोणावळ्याच्या नांवानें प्रवाशांच्या हातीं पडूं लागली. उपासाला चालणारा, गरिबाला परवडणारा असा हा भूकलाडू दोन-तीन पिढ्यांत इतका घरचा झाला, कीं तो परका होता हें आज सांगूनहि कोणाला पटत नाहीं.

आतां परिस्थिति पालटली आहे. खारीक वाण्याकडे बारा महिने मिळते. सह्याद्रीचे गड चढणाऱ्या मुलामुलींच्या पाठपिशव्यांत आईच्या हातचे लाडू असतात, आणि शेजारीं चकचकीत कागदांत गुंडाळलेल्या, बाजारांतल्या वड्याहि असतात. त्या वड्यांच्या वेष्टनावरील यादी वाचली तर खजूर, शेंगदाणे, बदाम हींच नांवें बहुधा आढळतात. घरच्या लाडवाची कृतिहि फारशी बदललेली नाहीं. डिंक बारीक करून, तूप चांगलें तापल्यावर थोडथोडा सोडावा. मोठा खडा आंत कच्चा राहिला तर दांतांना चिकटतो. खोबरें मंद आंचेवर भाजावें, कारण करपलें कीं सगळा घाणा कडवट होतो. खलबत्त्याची जागा विजेच्या यंत्रानें घेतली आहे. ओमानच्या खारकेंतील बी मात्र अजून अडकित्त्यानेंच काढावी लागते.