तलवारीवर नाव कुणाचं? जपानी शस्त्रसंग्रह आणि आपल्या घरातली शस्त्रं



जपानी तलवारींवर पारोळ्यात व्याख्यान कशाला, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. रास्त आहे. गावाच्या मधोमध 1727 च्या सुमाराचा भुईकोट उभा आहे, नेवाळकरांच्या जहागिरीची आठवण आहे, 1857 नंतर झालेली जप्ती आहे. आपलंच एवढं असताना जपान कशाला? उत्तर दोन सनांत आहे: 1876 आणि 1878.

1876 साली जपानच्या नव्या सरकारनं हुकूम काढला, की सैन्य, पोलीस आणि समारंभाचा पोशाख सोडला तर कुणीही कमरेला तलवार लावून रस्त्यावर फिरायचं नाही. सामुराईंचा शेकडो वर्षांचा मान एका कागदानं गेला. पुढं दोनच वर्षांनी, 1878 मध्ये, लिटनच्या कारकीर्दीत हिंदुस्थानात शस्त्रांचा कायदा आला. इथं परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं हाच गुन्हा ठरला, आणि गोऱ्यांना त्यातून सूट होती. एक हुकूम स्वतःच्या सरकारचा, दुसरा परक्यांचा. हा फरक मोठा आहे. पण दोन्हीकडं प्रश्न एकच उभा राहिला. ज्या वस्तूचं काम संपलं, ती वस्तू आता काय म्हणून राहणार?

जपानमध्ये आधी पडझडच झाली. लोहारांचं काम गेलं, तलवारींचे भाव कोसळले. तलवारीच्या साजाचे कारागीर परदेशी गिऱ्हाइकांसाठी शोभेच्या वस्तू घडवू लागले. मूठ आणि पातं यांच्यामध्ये जी धातूची चकती असते, तिला जपानीत त्सुबा म्हणतात. तळहातावर मावणारी वस्तू, पण तिच्यावर सोनं, चांदी, तांबं यांचं बारीक काम. या चकत्या हजारोंनी युरोप-अमेरिकेत गेल्या. बॅशफोर्ड डीन नावाचे अमेरिकन प्राध्यापक होते, माशांचे अभ्यासक. ते जपानला गेले आणि तिथल्या चिलखतांच्या नादी लागले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये 1912 साली शस्त्रविभाग सुरू झाला, तेव्हा त्याचे पहिले प्रमुख हेच.

दुसरा घाव 1945 चा. युद्ध हरल्यावर अमेरिकी फौजेनं शस्त्रं जमा करून घेतली. कित्येक तलवारी नष्ट झाल्या, कित्येक शिपायांनी आठवण म्हणून घरी नेल्या. तेव्हा जपानी जाणकारांनी अधिकाऱ्यांना पटवलं, की कारखान्यातलं लष्करी पातं वेगळं आणि जुन्या लोहाराच्या हातचं पातं वेगळं. दुसऱ्याला कलावस्तू म्हणून वाचवलं पाहिजे. 1948 मध्ये त्यासाठी संस्थाही निघाली.

आता मुद्द्याची गोष्ट. हे पटवता आलं कशामुळं? तलवारीबद्दलचं ज्ञान शाबूत होतं म्हणून. जपानी मूठ बांबूच्या एका खुंटीवर बसलेली असते. खुंटी काढली की मूठ निघते, आणि पात्याचा आतला भाग उघडा पडतो. आपल्या खुरप्याचं जे टोक लाकडात जातं, तसाच तो भाग. लोहार आपलं नाव तिथं कोरतो. तिथला गंज कधी घासायचा नाही, हा संग्राहकांचा पहिला नियम. का? तर गंजाचा रंग हा वयाचा पुरावा. पुढची धार पारखी मंडळी घडीनं लखलखीत ठेवतात, पण मागचा गंज जपतात. होनामी नावाच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या तलवारी पारखण्याचं काम केलं. ते जो दाखला देत, त्यालाही ओरिगामी म्हणत, म्हणजे घडीचा कागद. आपल्याला ओरिगामी म्हटलं की मुलांचे कागदी पक्षीच आठवतात! आजही तिथं जुन्या तलवारीची सरकारी नोंद होते, आणि ती नोंद माणसाच्या नावाचा परवाना नसते. कागद तलवारीचा असतो. मालक बदलला तरी कागद तलवारीबरोबरच जातो.

आपल्याकडं पाहा. 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारनं लंडनच्या लिलावात सुमारे 47 लाख रुपयांना एक तलवार घेतली, नागपूरकर पहिल्या रघुजी भोसल्यांची. पातं युरोपातलं, मूठ मराठा घाटाची. पात्याच्या पाठीवर देवनागरीत रघुजींचं नाव, त्यांचं सेनासाहेब सुभा हे पद, आणि ‘फिरंग’ हा शब्द. ही तलवार कुणाची हे आज आपण ठामपणे म्हणू शकतो, ते त्या अक्षरांमुळं. मात्र नाव आहे ते धन्याचं. पातं घडवणारा कोण, मूठ बसवणारा कोण, ते ती अक्षरं सांगत नाहीत. आपल्याकडची मूठ लाख भरून पक्की बसवलेली असते, ती जपानी मुठीसारखी सहज उघडत नाही. आत डोकावून पाहण्याची रीतच पडली नाही.

इथं तत्त्वज्ञानाचा माणूस गप्प बसू शकत नाही, माफ करा. नैयायिक विचारतात, अवयव बदलले तर अवयवी तोच राहतो का? पातं परदेशी, मूठ इथली, म्यान नातवानं नवं शिवलेलं. मग तलवार कोणती? जपान्यांनी उत्तर ठरवून टाकलं: तलवार म्हणजे पातं. ते साध्या लाकडी म्यानात वेगळं जपतात, आणि साज वेगळा जमवतात. मला वाटतं आपलं उत्तर निराळं असायला हवं. फिरंगेत पातं आणि मूठ यांची गाठ पडली, त्या गाठीतच तिचा इतिहास आहे. पोलाद समुद्रावरून आलं, हात इथले होते. ती गाठ सोडली तर उरतात फक्त दोन सुटे तुकडे.

म्हणून जपानकडून त्यांचं उत्तर घ्यायचं नाही, त्यांची शिस्त घ्यायची. आपली शिस्त आहे पूजेची. दसऱ्याला शस्त्र निघतं, हळदकुंकू लागतं. त्या पूजेनंच कितीतरी शस्त्रं टिकली, हे विसरू नका. पुण्यात दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास घरोघरच्या वस्तू जमवायला सुरुवात केली. त्यांना जे मिळालं ते वाड्यांनी सांभाळलं होतं म्हणून. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपण काय करतो? पॉलिश पेपर घेतो, नाहीतर लिंबू-राख. कुणी कल्हईवाल्याकडं नेतो, कुणी निकेल चढवून आणतो. त्यात मुठीवरचं सोन्याचं कोफ्तगिरीचं काम खरवडतं, जुन्या पोलादातल्या लहरी, ज्यांना जौहर म्हणतात, त्या दिसेनाशा होतात. अक्षरं असली तर तीही जातात. भक्तीनं केलेलं असतं, पण पुरावा पुसला जातो.

तेव्हा एवढं करा. घासू नका. मऊ कोरड्या फडक्यानं पुसा, तेलाचा अगदी पुसट हात द्या. चामड्याच्या म्यानात ओल धरते, तिथं वर्षभर पातं ठेवू नका. चारी बाजूंनी फोटो काढा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बसवून विचारा: कुणाची, कुठून आली, कोण काय सांगत होतं. ऐकीव असेल तर ‘ऐकीव’ असंच लिहा. साताऱ्याला 2024 मध्ये वाघनखं आली, त्यांचा वाद आठवा. ती शिवरायांचीच असं खात्रीनं सांगता येत नाही, असं ज्या संग्रहालयानं पाठवली तेच म्हणतं. कागद नसला की श्रद्धा आणि शंका दोघी समोरासमोर भांडत बसतात.

आणि विकायची वेळ आलीच, तर भंगारवाल्याकडं नेण्याआधी संग्रहालयात विचारा. शंभर वर्षांवरची वस्तू कायद्यानं पुरावस्तू ठरते, ती परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही.

माझं बोलणं इथं थांबवतो. कुणाच्या घरी असं काही असेल तर प्रश्नोत्तरांत अवश्य सांगा. वस्तू आणायची गरज नाही, फोटो पुरे.